तिजाईची पै

घाटकोपरच्या एका शिकवणीत सहावीचं उदाहरण कानावर पडलं. पाऊण लिटर दुधातलं एक तृतीयांश लिटर चहाला गेलं, उरलं किती? मुलांनी ४ आणि ३चा लसावि १२ काढला. ९/१२ वजा ४/१२, उत्तर ५/१२.

रीत आपल्याच मुलखातली. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त समच्छेदाचा नियम आहे आणि कमळांचं उदाहरणही: शंकराला तिसरा हिस्सा, विष्णूला पाचवा, सूर्याला सहावा, देवीला चौथा, गुरूंसाठी उरली ६. छेद ६० धरला की ५७ गेले, ३ उरले. म्हणजे विसावा हिस्सा ६, कमळं १२०.

इथवर कुणीही सांगेल. मला खरी गंमत वाटते ती आणे-पैच्या हिशेबाची. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, एकूण १९२. शिकवणीतलं तेच उदाहरण रुपयात मांडा. पाऊण रुपया, वहीत तीन उभ्या रेघा (॥।), म्हणजे १२ आणे. त्यातून रुपयाची तिजाई, म्हणजे तिसरा हिस्सा, गेली: ५ आणे ४ पै. उरले ६ आणे ८ पै. लसावि कुणी काढलाच नाही. तो टांकसाळीतच काढून ठेवलेला!

माझा तर्क असा की पै तिजाईसाठीच आली. रुपयाचे पैसे ६४, त्याला ३ने भाग जात नाही. पैशाच्या तीन पै केल्या की जातो. विरोधी मत सरळ आहे: शिलिंगचे १२ पेन्स, म्हणून साहेबाने आण्याचे १२ केले. कंपनीच्या १८३५च्या नाण्यांत आण्याच्या बाराव्या भागाचं नाणं आहे, तेव्हा हे मत हसण्यावारी नेता येत नाही. पण नक्कलच करायची तर पौंडाच्या २० शिलिंगांसारखे रुपयाचे २० आणे का नाही केले? दुसरा आक्षेप अधिक बोचरा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं घोकून घेतलं जाई. तिजाई एवढी मोलाची तर तिचा पाढा कुठाय? मी म्हणतो, पाढा नव्हता म्हणूनच तर पै लागली.

पाचव्या हिश्श्यापुढे मात्र १९२ही हात टेकतात. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि तो हिस्सा सुटला, बरोब्बर २० पैसे. तिजाई मात्र अडकली: तिघांना ३३-३३ दिले की एक पैसा उरतोच.