चेहऱ्यावरून ठरलेला खलनायक

वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले ते मनिला शहरात. तेथूनच ते १५९३ साली जपानला गेले व १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इकडची, असे परंपरा सांगते. अशा मिश्र रक्ताच्या माणसाला स्पॅनिश अमलाखालील फिलिपाईन्समध्ये ‘मेस्तिसो’ हे नाव होते. या एका शब्दाने त्या देशाच्या समाजात आणि पुढे चित्रपटसृष्टीत केवढे स्थान मिळवले, हे पाहू लागलो तेव्हा आम्हांला प्रथम कुतूहल वाटले आणि मागाहून थोडी अस्वस्थता.

फिलिपिनो मारधाडपटांत नायकाला ‘बिदा’ म्हणतात व खलनायकाला ‘कोन्त्राबिदा’. दोन्ही शब्द स्पॅनिशमधून आलेले. या चित्रपटांच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे १९६० ते १९९० या दशकांत, बिदा कोण व कोन्त्राबिदा कोण हे कळण्यासाठी कथा उलगडण्याची वाट पाहावी लागत नसे. उंच, सरळ नाकाचा आणि उजळ वर्णाचा तो नायक. त्याची प्रेयसी त्याहूनही गोरी. समोर उभे असलेले गुंड मात्र सावळे, चपट्या नाकाचे, गालावर व्रण असलेले, कोणी टकले, कोणी झुपकेदार मिशांचे. पाकितो दियाझ यांच्या मिशा पडद्यावर दिसल्या की प्रेक्षकांना पुढचे सारे उमजे. १९८० च्या ‘आंग पांदाय’ या चित्रपटात फर्नांडो पो ज्युनियर हे फ्लाव्हिओ नावाच्या सज्जन लोहाराच्या भूमिकेत होते आणि दुष्ट लिझार्डो झाले होते धिप्पाड देहाचे मॅक्स अल्वाराडो. काय अपराध केला हे दिसण्यापूर्वीच अपराधी कोण हे ठरलेले असे.

याचा दोष सर्वस्वी हॉलिवूडला देणे सोपे आहे. १८९८ नंतर फिलिपाईन्सवर अमेरिकेची सत्ता आली, अमेरिकन चित्रपट आले, आणि स्थानिक कंपन्या आपल्या नटाची जाहिरात ‘अमुक अमेरिकन नटाचा फिलिपिनो अवतार’ अशी करू लागल्या, हे खरेच आहे. परंतु नाट्य-अभ्यासक निकानोर त्योंगसन यांनी या प्रश्नाचा शोध आणखी मागे नेला. फिलिपिनो नाटक-चित्रपटांतून वाहत आलेली चार मूल्ये त्यांनी दाखवून दिली. गोरे ते सुंदर, ही धारणा त्यांपैकी एक. तिचे मूळ शोधत ते ज्या रंगमंचापाशी पोहोचले, तो रंगमंच चर्चच्या अंगणातला होता.

येथे आम्ही थबकलो. स्पॅनिश काळात गावोगावच्या सणांना ‘कोमेद्या’ किंवा ‘मोरो-मोरो’ नावाची पद्यनाटके होत. एका बाजूस ख्रिस्ती राजपुत्र, दुसऱ्या बाजूस मूर, अर्थात मुसलमान. मूरांचा पोशाख लाल, चाल उद्दाम. अखेरीस मूर हरत आणि बाप्तिस्मा घेत. १६३७ साली गव्हर्नर कोर्क्वेरा याने मिंदानाओच्या सुलतान कुदरातचा पराभव केला, तेव्हा त्याच वर्षी त्या विजयावर मनिलात नाटक झाले आणि त्याचे कर्ते एक येशूसंघीय धर्मगुरू होते. उपवासकाळातील ‘सेनाकुलो’, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक, याची रीतही तशीच. पवित्र पात्रे नतमस्तक, मंद पावलांची आणि संथ स्वरांची. प्रभूला छळणारे ‘हुद्यो’, म्हणजे यहुदी, धसमुसळे आणि कर्कश. प्रभूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी लोकांवर लादू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. तोवर कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना एक सवय जडून गेली होती. पडद्यावरचा गुंड हा त्याच मंचावरून उतरून आला होता, केवळ त्याच्या हाती तलवारीऐवजी पिस्तूल आले होते.

हे वाचताना आम्हांला आमच्याच धर्मग्रामातील एक नाटक आठवले. तालमीच्या पहिल्या दिवशी भूमिका वाटल्या जात. प्रभूच्या भूमिकेसाठी गोरा, कुरळ्या केसांचा तरुण शोधला जाई. यहूदा इस्कार्योत मात्र तीन वर्षे एकच, मासेमारी करणाऱ्या घरातला काळा मुलगा होता. निवड करणाऱ्यांत आम्हीही होतो. तो मुलगा अभिनय उत्तम करतो, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. हिंदी चित्रपटांतला दारुडा किंवा तस्कर ख्रिस्ती पाहून संतापणारेही आम्हीच.

फर्नांडो पो ज्युनियर यांची हकीकत मात्र साच्यात सहजी बसत नाही. गरिबांचा कैवारी ही त्यांची पडद्यावरील प्रतिमा. शेतमजूर, हमाल, प्रामाणिक पोलीस अशा भूमिका त्यांनी केल्या. सहसा आधी मार खायचा आणि सहनशक्ती संपली की हात उचलायचा, ही त्यांच्या नायकाची रीत. तरीही त्यांची आई अमेरिकन, आजोबा स्पेनच्या मायोर्का बेटावरून आलेले. सावळ्या प्रेक्षकांनी आपला म्हणून जो चेहरा स्वीकारला तो मेस्तिसोचाच होता! २००४ साली ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते जन्मजात फिलिपिनो नागरिक आहेत काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने त्यांना निवडणूक लढवू दिली. ते पराभूत झाले व त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवर्तले.

पो यांच्याच एका चित्रपटाने हा साचा काहीसा तडकवलाही. मार्कोस यांची राजवट १९८६ साली कोसळली आणि पुढल्याच वर्षी ‘कापाग पुनो ना आंग सालोप’ आला. त्यातील मुख्य खलनायक व्रणांकित गुंड नव्हता. तो होता भ्रष्ट न्यायाधीश वाल्देरामा, आणि ती भूमिका केली एडी गार्सिया यांनी. रुबाबदार चेहरा, सफाईदार बोलणे. अन्याय हा अनेकदा नीटनेटक्या पोशाखात येतो, हे ज्या जनतेने वीस वर्षे सोसले होते तिला वाल्देरामा ओळखायला वेळ लागला नाही. मुसलमान पात्राला माणूस म्हणून मध्यभागी ठेवणारा ‘बागोंग बुवान’ हा चित्रपट २००१ मध्ये आला. मारिलू दियाझ-आबाया यांच्या त्या चित्रपटाचा नायक मिंदानाओतील एक मुसलमान डॉक्टर आहे. मोरो-मोरोच्या लाल अंगरख्यापासून या डॉक्टरापर्यंत यायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

मिशांविषयी एक सांगायचे राहिले. जोसेफ एस्ट्राडा यांनाही मिशा होत्या, पण ते नायकच राहिले, आणि १९९८ साली तर राष्ट्राध्यक्ष झाले. २००१ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्यांना पायउतार व्हावे लागले. चेहऱ्यावरून माणूस जोखण्याचे शास्त्र असे अधूनमधून फसते.

याच एस्ट्राडांनी १९६४ साली ‘हेरोन बुसाबोस’ या चित्रपटात मनिलाच्या कियापो भागातील एका कंगालाची भूमिका केली होती. पो यांचा १९८६ चा ‘बातांग कियापो’ त्याच भागातला, आणि २०२३ साली त्याच नावाने दूरदर्शन मालिका आली तिचा नायक कोको मार्टिन सावळ्या वर्णाचा. कियापोच्या चर्चमध्ये क्रूस वाहणाऱ्या प्रभू येशूची जी मूर्ती आहे, ती काळी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ती मेक्सिकोहून जहाजाने आली, असे मानले जाते. वाटेत जहाजाला आग लागून ती काळवंडली, अशीही एक कथा सांगतात. दर वर्षी ९ जानेवारीला तिची मिरवणूक निघते. लाखो लोक अनवाणी येतात, रथाच्या दोराला हात लागावा म्हणून तासन्‌तास रेटारेटी करतात, मूर्तीला टेकवलेला रुमाल आजाऱ्यासाठी घरी नेतात. त्या गर्दीत हमाल असतात, फेरीवाले असतात, गोदीतले कामगार असतात. त्यांतील कितीतरी जण चित्रपटात काम मागायला गेले असते, तर नायकाच्या पहिल्याच ठोशाला कोसळणाऱ्या गुंडाची भूमिका त्यांच्या वाट्याला आली असती.