चित्रातली हातभट्टी

चित्र हा इतिहासाचा पुरावा असतो; पण कशाचा? एडविन लँडसीर या इंग्लिश चित्रकाराने १८२६ ते १८२९ या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील व्हिस्कीची बेकायदा भट्टी रंगवली. मारलेले हरीण, शिकारी, म्हातारी. सारे कसे निवांत! अबकारी अधिकाऱ्याची भीती कुठेच नाही.

भट्टीमागचे विज्ञान सोपे आहे. अल्कोहोल पाण्याच्या आधी, ७८ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून सातूचे आंबवण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण वाढते. गार पाण्यातल्या नागमोडी नळीत ही वाफ पुन्हा द्रवरूप होते. त्यामुळे भट्टीला ओढा हवा. चोरटी असेल तर आडोसाही.

मात्र १८२३च्या कायद्याने १० पौंडांत परवाना मिळू लागला, करही निम्म्याहून कमी झाला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, तेव्हा चोरट्या भट्टीवाल्यांच्या धमक्यांमुळे त्याला पिस्तुले बाळगावी लागली. म्हणजे लँडसीर रंगवत होता ती हातभट्टी तेव्हा मोडीत निघत होती, आणि तीही निवांतपणे नव्हे. हे चित्र ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या संग्रहात, लंडनच्या ॲप्सली हाऊसमध्ये आहे. १८२९ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान हाच वेलिंग्टन होता!

चित्रात काय आहे याबरोबरच काय नाही, हेही विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.