शाहू महाराजांची मृगया

कार्तिक सरत आला, भातें कापून झालीं, कीं उल्हास नदीच्या खाडीकांठीं, कल्याण-भिवंडीच्या बाजूस, पाणपांखरांचे थवे उतरूं लागतात. थापट्या आणि तलवार बदक हीं उत्तरेकडून लांबचा प्रवास करून येणारीं. हळदीकुंकू बदक आणि अडई हीं घरचीं. कचेऱ्या आणि तंटेबखेडे मागें टाकून पहांटेच्या धुक्यांत अशा पाण्याच्या कांठीं दबा धरून बसावें, हा मोह राजेलोकांना फार पूर्वींपासून आहे.

धर्मशास्त्राला हा मोह मान्य नव्हता. मनूनें कामापासून उपजणाऱ्या दहा व्यसनांची जी यादी दिली, तिच्यांत पहिलें नांव मृगयेचें; द्यूताचें त्याच्या मागून. कौटिल्य मात्र व्यवहारी. शिकारींत व्यायाम होतो, मेद झडतो, चालत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, आणि राग व भय यांच्या वेळीं प्राण्याचें मन कसें वागतें हें कळतें; म्हणून द्यूतापेक्षां मृगया बरी, असा त्याचा निवाडा. शाकुंतलांतला सेनापतीहि याच सुरांत बोलतो. परंतु त्याच अंकांत राजाच्या मागें रानोमाळ हिंडून हाडें खिळखिळीं झालेला विदूषकहि आहे. राजाच्या करमणुकीची किंमत पुष्कळदां बरोबरच्यांनाच मोजावी लागते.

मराठ्यांच्या इतिहासांत या मोहाचें ठळक उदाहरण म्हणजे साताऱ्याचे छत्रपति शाहू महाराज. त्यांचा जन्म 1682 चा. 1689 सालीं रायगड पडला, तेव्हां सात वर्षांचा हा मुलगा मातोश्री येसूबाईंसह मोंगलांच्या हातीं लागला, आणि 1707 मध्यें औरंगजेब मरण पावल्यावरच सुटला. बाळपण आणि तारुण्याचा प्रारंभ असा परक्या छावणींत गेला. तंबू कोठें ठोकावयाचा आणि केव्हां उखडावयाचा, हें दुसऱ्यानें ठरवावें. अशा माणसाला मोकळ्या माळावर घोडा फेंकण्यांत काय वाटत असेल, याचा विचार टीकाकारांनीं फारसा केलेला नाहीं. त्यांतून मोंगल घराण्याची शिकारीची आवड जगजाहीर. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत पन्नाशीपर्यंतचा हिशेब मांडून ठेवला आहे: त्याच्या समक्ष 28,532 जनावरें व पांखरें मारलीं गेलीं, पैकीं 17,167 त्याच्या स्वतःच्या हातचीं. अशा परंपरेच्या छायेंत वाढलेल्या राजपुत्राला शिकारीचें वावडें असतें, तरच नवल.

सातारा ही राजधानी झाल्यावर महाराजांचे दिवस कसे जात, हें ग्रँट डफनें 1826 च्या आपल्या इतिहासांत सांगितलें आहे. ससाणे उडविणें, रानांत शिकार करणें आणि मासे धरणें, या तीन गोष्टींत त्यांचा जीव रमे. सरदेसायांनीं 1930 नंतर पेशवे दप्तरांतील जे निवडक कागद प्रसिद्ध केले, त्यांतहि शाहू आणि पेशवे यांच्या खाजगी आयुष्याला एक स्वतंत्र भाग लाभला आहे. मोहिमांच्या आणि कर्जाच्या कागदांतून वाट काढीत गेलेला वाचक तेथें क्षणभर विसावतो.

ससाण्याच्या शिकारीचें मर्म आज कोणाला सांगून पटणार नाहीं. पण तें सांगितल्यावांचून हा मोह कळणारहि नाहीं. पाणपांखरांवर सोडावयाचा तो बहिरी ससाणा. त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी असते. टोपी काढून हातावरून सोडला कीं तो चक्रें घेत वर चढतो, इतका वर कीं ठिपका दिसावा. खालीं तळ्यांतल्या बदकांना तो ठिपका दिसतांच तीं पाण्याला घट्ट चिकटून बसतात. उडण्यांत मरण आहे हें त्यांना पक्कें ठाऊक. मग ढोल वाजवून, आरडाओरडा करून त्यांना उठवावें लागतें. थवा पाणी सोडून उठला, कीं वरचा ठिपका पंख मिटून दगडासारखा खालीं येतो. त्या वेळीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दुसरें कांहींहि मावत नाहीं. चौथाई नाहीं, सरदेशमुखी नाहीं, सरदारांचें परस्परांतलें वैर नाहीं. आणि अर्ध्याअधिक वेळां बदक निसटतें, हीच त्या खेळांतली गंमत.

बंदुकीनें ती गंमत गेली. 12 नोव्हेंबर 1938 रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीनिमित्त भरतपूरच्या तळ्यावर एका दिवसांत 4,273 पांखरें पाडलीं गेलीं. म्युनिचचा करार होऊन तेव्हां जेमतेम सहा आठवडे लोटले होते. राजकारणापासून विसांवा म्हणावा, तर हा आंकडा विसांव्याचा दिसत नाहीं. त्याच्या शेजारीं इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे आठवावेत. 1905 पासून 1916 पर्यंत युरोपची काळजी वाहणारा हा गृहस्थ फॅलोडन येथील आपल्या घरीं बदकें पाळी आणि स्वतःच्या हातांनीं त्यांना दाणे घाली. आपल्याकडे पुढें कायद्यानें बदकांची शिकार बंदच झाली, आणि भरतपूरचें तळें राष्ट्रीय उद्यान बनलें.

असो. महाराज शिकारींत असतां राज्य थांबलें नव्हतें. 1720 च्या सुमारास कल्याण-भिवंडीचा मुलूख पेशव्यांच्या माणसांनीं मोंगलांकडून घेतला. 1737 सालीं ठाणें आलें आणि 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. कर्त्या माणसांना ओळखून त्यांच्यावर भार टाकावा आणि आपण बाजूस बसावें, हा गुण खरा. पण टाकलेला भार पुन्हां उचलतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे सरकली ती कोणी हिसकावून नेली म्हणून नव्हे. ती मालकानेंच हळूहळू हातांतून सोडली.

शिवाय राजकारण शिकारीच्या रानांतहि पाठ सोडीत नाहीं. 1730 च्या सुमारास महाराज मोजक्या लोकांनिशीं शिकारीस निघाले असतां, कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या बाजूचा उदाजी चव्हाण शिरोळास तळ देऊन आहे, असें कळलें. अभय देऊन त्याची भेट घेतली, पण ती निष्फळ ठरली. थोड्याच दिवसांनीं चार मारेकरी महाराजांवर चालून आले. जवळ आल्यावर मात्र त्यांचें धैर्य गळालें आणि त्यांनीं पाय धरले. महाराजांनीं सर्व हकीकत विचारून घेतली आणि त्यांना जिवंत परत धाडलें. त्यानंतर कोल्हापूरकरांवर फौज गेली, आणि 13 एप्रिल 1731 रोजीं वारणेचा तह होऊन दोन्ही गाद्यांची हद्द ठरली.

महाराजांच्या शिकारी कुत्र्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. वाघाच्या तावडींतून त्यानें धन्याला वांचविलें, म्हणून त्याला इनामाची सनद आणि पालखीचा मान मिळाला. पुढें उतारवयांत दोन मराठे सरदार भेटीस यावयाचे असतां महाराजांनीं त्या कुत्र्याला जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून भर दरबारांत आणलें, आणि स्वतःची पगडी उतरवून त्याच्या डोक्यावर ठेविली. त्यानंतर त्यांनीं डोक्यास कांहींच घातलें नाहीं. ग्रँट डफला यांत बुद्धिभ्रंश दिसला. भोंवतीं वारसाहक्काचीं कारस्थानें चाललेलीं, पोटीं पुत्र नाहीं, आणि येणारा प्रत्येकजण कांहींतरी मागावयास येणारा. अशा वेळीं पगडी कोणाच्या डोक्यावर शोभेल, हें महाराजांनीं नीट जाणूनच ठरविलें असेल, असेंहि म्हणतां येईल.

15 डिसेंबर 1749 रोजीं शाहू महाराज वारले. पुढच्याच वर्षीं सांगोल्यास झालेल्या करारानें राज्याचा कारभार पेशव्यांकडे गेला. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीस, त्यांची समाधि आहे. जवळच त्या कुत्र्याचेंहि स्मारक आहे, आणि गांवचे लोक त्याचें नांव खंड्या असें सांगतात.