‘डायरेक्ट मालका’चा आग्रह

दुकानासाठी किंवा छोट्या कारखान्यासाठी गाळा घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: “ब्रोकरला मध्ये घेऊ नका, डायरेक्ट मालकाशी बोला.” हा सल्ला देणारी माणसं जाणती असतात. इंडेक्स टू ऑनलाइन मिळतो, म्हणजे शेजारचा गाळा कितीला गेला ते कळतं. रेडीरेकनरचे दर जाहीर आहेत. प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर मंजुरीची माहिती असते आणि कागद वकील तपासतो. मग एक कोटीच्या गाळ्यावर दोन टक्के, म्हणजे दोन लाख, शटर उघडून दाखवण्याचे का द्यायचे? वर तो विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो, तो आपला कसा?

शेवटचा आक्षेप खरा आहे, त्याकडे पुढे येतो. बाकीचे मुद्दे राहत्या घराला बऱ्यापैकी लागू पडतात. धंद्याच्या जागेला पडत नाहीत, कारण तिथे किमतीइतकाच मोठा प्रश्न असतो तो आपला धंदा त्या जागेत चालेल का, हा.

सोसायटीच्या तळमजल्यावरचा एखादा गाळा घ्या. भोगवटा पत्र आहे, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ आहे. तुम्हाला तिथे पोळी-भाजी केंद्र काढायचंय. एक्झॉस्टचा पाइप गच्चीपर्यंत न्यायला सोसायटी हो म्हणेल? थ्री फेजचा वाढीव लोड मिळेल? आधीचा फरसाणवाला दीड वर्षात का उठून गेला? संध्याकाळी टेम्पो लावायला जागा उरते का? यातलं काहीच इंडेक्स टूवर नसतं आणि वकिलाचं हे कामही नव्हे. त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं गाळे देणारा-घेणारा माणूस मात्र हे तोंडपाठ सांगतो.

पोटमाळ्याचंच बघा. गाळ्यात जिना चढून वर गेलं की चांगली ऐसपैस जागा दिसते आणि मालक ती धरूनच भाव सांगतो. मंजूर नकाशात तो माळा नसेल, तर महापालिकेची नोटीस आली की उतरवावा लागतो. तुम्ही मोजलेल्या कोटीतला पाचवा हिस्सा त्या माळ्याचा असेल, तर वीस लाख गेले. अनुभवी ब्रोकर आत शिरतानाच छताकडे बघतो आणि मालकाकडे मंजूर नकाशा मागतो. आपण बहुतेक वेळा रंग आणि फरशी बघत उभे असतो.

एमआयडीसीतल्या भूखंडाचं गणित आणखी निराळं. तिथे मालकी मिळत नाही, साधारणपणे ९५ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो आणि हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी व शुल्क लागतं. ते शुल्क कोणी भरायचं हे टोकन देण्यापूर्वी ठरलं नाही तर नंतर हमखास भांडण होतं. पागडीच्या दुकानात मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क मिळतो, म्हणून तिथे तर खरेदी कोणाच्या नावावर, हाच पहिला प्रश्न हवा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला मिळत नाही. हे माहीत नसलेल्या उद्योजकाला ‘डायरेक्ट मालक’ ते आपणहून कशाला सांगेल?

आता तो खरा आक्षेप. दोन्हीकडून पैसे घेणारा ब्रोकर आपला नसतो, हे मान्य. पण आपण त्याला आपला म्हणून नेमलेला असतो का? आपण फक्त त्याच्या मागोमाग गाळे बघत फिरतो. १८७२च्या करार कायद्याने एजंट नेमणाऱ्याला चांगलं बळ दिलंय. एजंटाने न सांगता त्या व्यवहारात स्वतःचा हात घातला, तर त्याला झालेला फायदा मागता येतो (कलम २१६). महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली असेल किंवा आपलं नुकसान होत असेल, तर व्यवहारच नाकारता येतो (कलम २१५). वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत मोबदलाही देय होत नाही (कलम २१९). टोकनच्या दिवशी अर्धी दलाली मागणाऱ्याला हे कलम दाखवावं. नव्या प्रकल्पात एजंटाची महारेरा नोंदणी सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात २०२४पासून त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवावं लागतं. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीत हे कवच सहसा नसतं, म्हणून तिथे लेखी नेमणूक जास्तच गरजेची.

किंमत वाढली की टक्केवारीने दलालीही वाढते, मग तो घासाघीस का करील? मग टक्केवारी ठेवूच नका. रक्कम ठोक ठरवा आणि सांगितलेल्या भावाखाली जेवढं उतरवेल त्यातला काही हिस्सा वर द्या. तालुक्याच्या गावात मात्र गाळ्यांचे व्यवहार जाणणारा एकच माणूस असतो आणि विकणाराही त्याच्याकडेच आलेला असतो. तिथे त्याने ते आधी लिहून द्यावं, आपली दलाली निम्मी घ्यावी आणि भावाची बोलणी आपण स्वतः करावीत.