भाषण ठोकायचे की सवाल करायचा?

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीसारख्या गावात १४ एप्रिलला मंडप उभा राहतो, माईक लागतो आणि शाळकरी मुले-मुली हातात कागद घेऊन भाषणाला उभी राहतात. बहुतेक भाषणांचा साचा ठरलेला असतो. आधी विशेषणांची माळ, मग जन्मतारीख, मग पदव्यांची यादी, शेवटी घोषणा. टाळ्या पडतात. ऐकणारा घरी काय घेऊन जातो? दोष मुलांचा नाही. हा साचा आम्हीच त्यांच्या हाती दिला आहे.

आपल्या चळवळीने 'व्यासपीठ' हा शब्द नाकारून 'विचारपीठ' म्हणायला सुरुवात केली. व्यासांनी सांगायचे आणि इतरांनी मान डोलवायची, ही परंपरा आपली नव्हे. पण पाटी बदलली म्हणून विचार आपोआप येत नाही. त्यासाठी बाबासाहेब बोलत कसे होते, हे पाहावे लागेल.

पहिली गोष्ट दाखला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना फ्रान्समध्ये १७८९ साली भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्यांनी थेट जगाच्या इतिहासात उभे केले. हा अलंकार नव्हता. पाण्याचा प्रश्न हा समतेचा प्रश्न आहे, हे त्यातून सिद्ध होत होते.

दुसरी गोष्ट मुद्द्यांची मांडणी. ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू मांडली. 'मुक्ती कोन पथे?' या भाषणाचे नावच एक सवाल आहे. अन्यायाला तोंड द्यायला बळ लागते, असे सांगून त्यांनी मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ असे त्याचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकात आपण कुठे आहोत ते तपासले. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तीन गोष्टी बोटांवर मोजून घरी नेता येतात. समारोपाला त्यांनी बुद्धाचा स्वयंप्रकाशी होण्याचा उपदेश सांगितला. नागपूरच्या दीक्षेच्या वीस वर्षे आधी!

तिसरी गोष्ट कृती. २० मार्च १९२७ रोजी महाडची परिषद भाषणांवर थांबली नाही. माणसे मंडपातून उठली आणि चवदार तळ्याकडे चालू लागली. भाषणाचा खरा शेवट तळ्यावर झाला.

जिथे बाबासाहेब पोचले नाहीत, तिथे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे जलसे पोचले. त्यांनी हाच विचार गाण्यातून आणि सवाल-जवाबातून वस्तीपर्यंत नेला.

आणि आपण? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली व्यक्तिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा देणाऱ्याच्याच जयंतीला आपण नुसती स्तुतिस्तोत्रे म्हणतो, याला काय म्हणावे?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. येत्या जयंतीला गावातल्या मुलीच्या हातात विशेषणांचा कागद देऊ नका. तिला गावातलाच एक सवाल शोधू द्या. स्मशानभूमीच्या वाटेचा, शिष्यवृत्तीचा, नळाच्या पाण्याचा. त्याला एक पक्का दाखला जोडू द्या. आणि भाषण संपताना सभेपुढे एक ठराव ठेवू द्या. टाळ्या कदाचित कमी पडतील. पण मंडपातून उठलेली माणसे कुठेतरी चालू लागतील.

जयभीम!