डोक्यावरचं छप्पर

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी सरकारी माणसाची ओळख रुमी टोपीत होती आणि चळवळीतल्याची पांढऱ्या खादीच्या टोपीत. ऊन-पावसाला मात्र यातली एकही कामाची नव्हती.

मांजरेकाठच्या बिलोलीसारख्या भागात शेतकऱ्याची भिस्त पटक्यावर. नांदेडकडचा मे महिना बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पटक्याच्या थरांत अडकलेली हवा ती झळ डोक्यापर्यंत लवकर पोचू देत नाही. भिजवून बांधला की डोकं गार राहतं. वेळ पडली तर त्यातच भाकरी बांधायची, नाहीतर घाम पुसायचा. कोणती हॅट एवढं करील?

पावसाळ्यात मान घोंगड्याचा. सीमेपलीकडच्या तेलंगणातही त्याला ‘गोंगडी’च म्हणतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचणारी. पण तिच्यातल्या तेलकटपणामुळे पाणी झटकन मुरत नाही. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून घोंगडं ताठ राहतं. त्याची खोळ डोक्यावर घेतली की पाठही झाकली जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे कुठं जमतं? दोष एकच, दिवसभर भिजलेलं घोंगडं भलतंच जड होतं.

ज्याच्याकडे घोंगडं नाही, त्याला तागाचं पोतं. तळाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोकदार खोळ तयार! पुढं खताच्या प्लास्टिक गोण्या आल्या, तरी घडी तीच राहिली.