‘अराइव्ह’पुढे ‘अ‍ॅट’ की ‘इन’?

पनवेलच्या फलाटावर उतरलेला मराठी प्रवासी ‘पनवेलला पोहोचलो’ असे सहज सांगून मोकळा होतो. हेच वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ आली की ‘आय अराइव्हड टु पनवेल’ किंवा ‘आय रीच्ड टु पनवेल’ अशी रचना हमखास उतरते. दोन्ही चुकीच्या आहेत. चुकीचे मूळ मराठीच्या ‘ला’ या प्रत्ययात आहे. ‘पुण्याला गेलो’ आणि ‘पुण्याला पोहोचलो’ या दोन्ही वाक्यांत मराठीचे काम एकाच ‘ला’वर भागते. इंग्रजीतील ‘टु’ मात्र जाण्याची दिशा दाखवतो, म्हणून तो ‘गो’पुढे शोभतो, ‘अराइव्ह’मध्ये प्रवास संपलेला असतो.

‘रीच’चा उलगडा चटकन होतो. पोहोचणे या अर्थी ते सकर्मक असल्याने स्थळाचे नाव त्याला थेट जोडावे: ‘आय रीच्ड पनवेल’. मध्ये ‘टु’ नको, ‘अ‍ॅट’ही नको.

‘अराइव्ह’ला मात्र शब्दयोगी अव्ययाचा आधार लागतो. मोठ्या शहराला ‘इन’ आणि लहान गावाला ‘अ‍ॅट’ हा शाळेत पाठ केलेला नियम अपुरा आहे, आणि त्याची परीक्षा पनवेलइतकी चांगली क्वचितच कुठे होईल. १८५२ सालापासून येथे नगरपालिका होती, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. मग शहर मोठे झाले म्हणून नेहमीच ‘इन’ लिहावे काय? तसे नाही. मुंबईहून मडगावला निघालेल्या मांडवी एक्स्प्रेसच्या दृष्टीने पनवेल हा वाटेवरचा एक थांबा, एक बिंदू आहे. म्हणून ‘द ट्रेन अराइव्हड अ‍ॅट पनवेल’. नोकरीनिमित्त बिऱ्हाड घेऊन आलेल्या कुटुंबासाठी तेच पनवेल राहण्याचा परिसर असतो. तेथे ‘दे अराइव्हड इन पनवेल’. बोलणारा त्या ठिकाणाकडे कसा पाहतो, यावर निवड ठरते. स्थानकावर घ्यायला येणाऱ्या यजमानाला ‘अराइव्हड इन पनवेल’ एवढाच निरोप धाडला, तर पाहुणा शहरात आला हे कळते. त्याला गाठायचे कुठे, हे कळत नाही. ‘अराइव्हड अ‍ॅट पनवेल स्टेशन’ लिहिले की शंका उरत नाही.

इमारत, कार्यालय, विमानतळ यांना ‘अ‍ॅट’, देशाला ‘इन’. निर्णयाप्रत येणे या लाक्षणिक अर्थीही ‘अ‍ॅट’च: ‘अराइव्ह अ‍ॅट अ डिसिजन’. फलाटाच्या बाबतीत आपल्याकडील रेल्वेच्या उद्घोषणेत ‘अराइव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर वन’ असे कानी पडते. ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅट’ रूढ आहे. दोन्ही चालतात. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्यापूर्वी मात्र काहीच नको: ‘शी अराइव्हड होम’. येथे मराठी भाषकाला अडखळण्याचे कारण नाही, कारण आपणही ‘घराला पोहोचलो’ न म्हणता ‘घरी पोहोचलो’ असेच म्हणतो.

‘अराइव्ह’ची व्युत्पत्तीही रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘अद’ म्हणजे कडे आणि ‘रिपा’ म्हणजे काठ. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ काठाला लागणे असा. रेल्वेपूर्व काळात मुंबईहून पुण्याकडे निघालेले प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदरात येत आणि तेथून बोरघाटाची वाट धरत. पनवेलला ते अक्षरशः ‘अराइव्ह’ होत असत.